पाचवा माग

१

जुन्या नोंदी नव्या प्रोग्राममधून काढायचं काम माझ्या गळ्यात पडलं ते वयामुळे. आमच्या प्रयोगशाळेत कंटाळवाणं काम एकतर सगळ्यांत नव्या माणसाला मिळतं, नाहीतर सगळ्यांत जुन्या. नव्यांनी काखा वर केल्या, म्हणून उरले मी. वरवर मी थोडी कुरकुर केली, पण आतून मला गुदगुल्याच झाल्या होत्या. कारण त्या नोंदी आमच्या हॉलमधल्या होत्या, आणि त्या हॉलचं नाव काढलं की आजही माझं मन जागेवर राहत नाही.

आमचं काम थोडक्यात असं. एका खोलीत बरीच माणसं एकदम हिंडत असतील, तर कोण कुठून कुठे गेलं ते यंत्राने सांगायचं, तेही चेहरे न बघता. हॉलच्या चार कोपऱ्यांत पोटरीच्या उंचीवर चार लेसर गरगर फिरत. वाटेत पाय आला की त्याचा एक ठिपका उमटायचा. दोन पाय म्हणजे दोन ठिपके, म्हणजे एक माणूस. ठिपक्याला पुढचा ठिपका जोडत गेलं की माणसाची वाट दिसू लागते. तिला आम्ही माग म्हणतो. माणूस खांबाआड गेला की ठिपके नाहीसे होतात, तेवढा वेळ प्रोग्राम अंदाजाने माग पुढे नेतो, आणि माणूस पलीकडून बाहेर पडला की परत धरतो. बोलायला सोपं, करायला नाकीनऊ येतात.

जुन्या प्रोग्रामला माणसं किती ते आधी सांगावं लागे. आम्ही पाच सांगितलं होतं, कारण आम्ही पाच जण चालत होतो. नव्या प्रोग्रामला काही सांगावं लागत नाही, तो स्वतः मोजतो. दुपारचं जेवण झाल्यावर हातात चहाचा कप घेऊन मी त्याला पहिली नोंद दिली आणि उत्तर आलं, चार.

मी हसले. म्हटलं, बाळा, तुला अजून बरंच शिकायचंय. दुसरी नोंद दिली. चार. तिसरी दिली, मग ज्या नोंदीत सगळ्यांत कमी गर्दी होती ती दिली, मग ज्यात आम्ही खांबांच्या जवळपासही फिरकलो नव्हतो ती दिली. प्रत्येक वेळी चार. बाहेर नवी मुलं कशावरून तरी खिदळत होती. कप कधीचा गार झाला होता, तो मी तसाच पिऊन टाकला.

२

तो हॉल मूळचा व्यायामशाळेचा. लाकडी जमीन, उंच खिडक्या, मधोमध दोन खांब, आणि भिंतीला कसल्यातरी कड्या, ज्यांना आम्ही डगले अडकवायचो. जमिनीवर रंगीत चिकटपट्ट्यांनी वाटा आखल्या होत्या. कुठलीही पट्टी बोटभर वाकडी दिसली की मी ती उचकटून परत लावायची, म्हणून माझं नाव शिस्त. आमच्यातला एक जण सगळ्यांत लहान होता, पण सल्ले द्यायची हौस दांडगी, म्हणून तो आजोबा. मिशीला मिशी होती, त्यात अधिक सांगण्यासारखं काही नाही. ताई सगळ्यांत मोठ्या, आता त्या प्रयोगशाळेच्या प्रमुख आहेत. आणि पाचवा हा. हा म्हणजे माझा नवरा. तेव्हा नव्हता, पुढे झाला.

चालताना बोलायचं नाही असा नियम होता. बोललं की माणूस थबकतो आणि माग बिघडतो. त्यामुळे तासन् तास आम्ही मुकाट्याने एकमेकांना छेदत चालायचो. लेसरची बारीक गुणगुण आणि लाकडावरची पावलं, एवढाच काय तो आवाज. दुपारी उन्हाचे पट्टे जमिनीवर यायचे आणि आम्ही त्यांतून आत-बाहेर करायचो. इतकं निरर्थक चालणं मी आयुष्यात पुन्हा चालले नाही आणि इतकी सुखीही पुन्हा झाले नाही. सांगायला लाज कशाला वाटायला हवी? आम्ही तरुण होतो, खिसे रिकामे होते, आणि आपण जगावेगळं काहीतरी करतोय असं आम्हाला मनापासून वाटत होतं.

हा बहुतेक वेळा माझ्या डाव्या हाताला असायचा. वाटा चिठ्ठ्या टाकून ठरायच्या, पण याची चिठ्ठी नेमकी माझ्या शेजारची निघायची. ताई चिडवायच्या, "तुम्हा दोघांची पावलं एकच ऐकू येतात रे! दुसऱ्याचे पाय उसने आणलेत काय?" मी लाजायची. हा नुसता हसायचा.

आमची ओळख कशी झाली हा किस्सा हा घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ऐकवतो. पहिल्याच दिवशी याचा बूट पट्टीवर पडला आणि पट्टी सुटली, आणि मी याला म्हणे असं झापलं की मिशीने कानावर हात ठेवले. "तेव्हाच ठरवलं," हा म्हणतो, "ओरडा खायचाच आहे जन्मभर, तर निदान ओळखीच्या माणसाचा खावा." पाहुणे हसतात. मी दरवेळी डोळे वटारते आणि दरवेळी मला तो किस्सा ऐकायचा असतो.

३

संध्याकाळी घरी आले तेव्हा हा खिडकीशी बसून नकाशे तपासत होता. तो बरीच वर्षं घरूनच काम करतो, यंत्रांचे नकाशे येतात, तो चुका काढून परत पाठवतो. मी चपला काढल्या. त्याने मान वर न करता विचारलं, "आज उशीर?"

"जुना हॉल उघडून बसले होते. नोंदी."

"अरे वा! मी दिसलो का?"

हे तो अगदी सहज म्हणाला. "दिसलास की," मी म्हटलं आणि हात धुवायला गेले.

पाण्याखाली हात धरून मी स्वतःला समजावलं. जुन्या मागांशी ताडून पाहिलं तर दरवेळी याचाच माग गळत होता, म्हणजे एखादा लेसर अधूच असेल. पण अधू असता तर कधी मिशी गळला असता, कधी ताई. दरवेळी एकच माणूस कसा गळेल? मग म्हटलं, याने काळ्या कापडाची विजार घातली असेल, काळं कापड उजेड गिळतं. पण त्या दिवसांत आम्ही सगळेच काळ्या विजारी घालायचो, मळखाऊ म्हणून. मग म्हटलं, नवा प्रोग्राम गाढव आहे. हे कारण मला सगळ्यांत आवडलं.

जेवताना लेकीचा फोन आला. ती दूर शिकते आणि रोज बापाशी भांडल्याशिवाय तिला झोप येत नाही. आजचा विषय काय होता कोण जाणे, पण हा तावातावाने बोलत होता आणि फोनमधून ती त्याहून मोठ्याने. मी भात कालवत बसून त्याच्याकडे पाहत राहिले. कानशिलावरचे पांढरे केस, बोलताना हलणारा अंगठा. जो नाही त्याच्याशी कोणी असं भांडतं का? माझं मलाच हसू आलं.

"काय झालं?" त्याने फोनवर हात ठेवून विचारलं.

"काही नाही. जेव, गार होतंय."

४

ताईंच्या खोलीत जायला मला अजूनही बिचकायला होतं, जरी हॉलमध्ये आम्ही एकाच डब्यातलं खाल्लेलं असलं तरी. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून आकडे पाहिले.

"चार येतात तर चार लिही. पुढच्या आठवड्यात या नोंदी सगळ्या जगाला खुल्या करायच्यात. चुकीचा आकडा गेला तर आपलं हसं होईल."

"पण ताई, आपण पाच होतो ना!"

"होतोच की. मी, तू, मिशी, आजोबा आणि तुझा तो." त्यांनी बोटं मोजली आणि करंगळीपाशी थांबल्या. "तुझ्या ओळखीनेच आला होता ना तो?"

"माझ्या? नाही हो. आजोबाने आणला होता."

"मला वाटत होतं तू." ताई खिडकीबाहेर पाहत होत्या. "पाच जणांची मंजुरी मिळाली होती, तेवढं पक्कं आठवतं. पाचवा माणूस काही केल्या मिळेना. म्हणून मीच म्हटलं, प्रोग्राममध्ये पाच टाकून ठेवू, येईल तेव्हा येईल. आपण चौघंच चालायला लागलो. आणि मग…" त्यांनी मान हलवली. "मग आला तो. कधी आला गं?"

मी जिन्यातूनच आजोबाला फोन लावला. तो आता दुसऱ्या शहरात असतो, पण सल्ले तेच देतो.

"मी आणला? छे! ताईंनी आणला होता. शिस्त, तू झोपत जा वेळेवर."

"त्याला आपण काय म्हणायचो रे? तू आजोबा, तो मिशी. त्याला?"

"काहीच नाही म्हणायचो बहुतेक," तो म्हणाला. "गंमतच आहे. आपण तर दाराच्या कडीलाही नाव ठेवलं होतं."

दुपारी ताईंचा निरोप आला की पाचवा माग काढून टाकायला सुरुवात कर. मी जुन्या पाच मागांसकट पहिली नोंद उघडली. पाचव्या मागावर बोट ठेवलं, क्षणभर घुटमळले, आणि स्वतःच्या बावळटपणाचा राग येऊन तो पुसला. पडद्यावर चार रंगीत रेषा उरल्या. दिसायला स्वच्छ होतं, मला आवडेल इतकं.

त्या संध्याकाळी शेजारचं नवीन जोडपं भेटायला आलं. हा पाणी घेऊन आला, बसला, गप्पा सुरू झाल्या. शेजारीणबाईंनी विचारलं, "तुमचं कसं जमलं हो?" मी डोळे वटारायच्या तयारीत बसले.

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे पाहिलं. "हॉलमध्ये," तो म्हणाला. "हॉलमध्ये भेटलो आम्ही." आणि थांबला. पाहुणे अदबीने हसून वाट पाहत राहिले.

"पट्टी," मी हळूच म्हटलं.

"कसली पट्टी?"

५

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत माझ्याआधी फक्त झाडणारे आले होते. मी डगला न काढताच पहिली नोंद उघडली आणि पुसलेला माग परत आणला. मग घरी फोन केला.

"अहो साहेब, पहिल्या दिवशी मी तुम्हाला काय म्हटलं होतं?"

"कुठल्या पहिल्या दिवशी? हॉलमध्ये?" त्याचा आवाज नुकत्याच उठलेल्या माणसाचा होता. "म्हणालीस, डोळे कशासाठी दिलेत, बूट पुसायला? सकाळी सकाळी हे विचारायला फोन केलास?"

मी फोन ठेवला आणि टेबलावर डोकं टेकून थोडा वेळ बसून राहिले. वय होतं माणसाचं. एखाद्या संध्याकाळी विसरतो, सकाळी आठवतं. माझ्या वडिलांचं असंच व्हायचं, चष्मा डोळ्यांवर ठेवून चष्मा शोधायचे. हे सगळं मी स्वतःला सांगितलं, आणि तरी पुन्हा तो माग पुसून पाहायची माझी हिंमत झाली नाही.

मग मी जे सगळ्यांत आधी करायला हवं होतं ते केलं. रेषा बाजूला सारल्या आणि खालचे कच्चे ठिपके काढले, जसे लेसरने टिपले होते तसे. काळ्या पडद्यावर पांढरे ठिपके, पावलापावलाने सरकणारे. ते मोजायला प्रोग्राम लागत नाही. हॉलमध्ये आठ पाय होते.

मग याचा माग उभा होता कशावर? मी एकेक ठिपका मागे मागे धरत गेले. आमच्या धंद्यात ही चूक जुनीच आहे. माणसं चार असताना प्रोग्रामला पाच सांगितलं, तर तो बिचारा आज्ञाधारकपणे पाच उभी करतो. कमी पडतात ते ठिपके शेजारच्याकडून ओढतो. कुणाचा तरी एक पाय काढून पाचव्याला देतो. इथे त्याने नोंदीमागून नोंद एकाच माणसाचा पाय घेतला होता. माझा. डावा.

मला इतकं हायसं वाटलं की मी एकटीच मोठ्याने हसले. एवढंच होतं तर! आम्ही चिकटून चालायचो, प्रोग्रामची गल्लत झाली, याचे पाय माझ्या पायांआड लपले. प्रेमात पडलेल्या माणसांनी प्रयोगात भाग घेऊ नये असा एखादा नियम हवा होता. मी तसं ताईंना सांगायचंही ठरवलं. आणि केवळ शिस्त म्हणून, सुरू केलेलं पुरं करावं म्हणून, शेवटची नोंद उघडली.

तो दिवस मला लख्ख आठवतो. हॉल सोडायचा होता. पट्ट्या मीच उचकटल्या होत्या आणि त्यांचा गोळा पिशवीत भरताना मला रडू आलं होतं. बाकीचे निघून गेले होते. मी पिशवी घेऊन दाराशी उभी होते आणि हा एकेक खिडकी लावत पलीकडच्या टोकापर्यंत गेला होता. लेसर बंद करायचे राहून गेले होते. तिथून त्याने हाक मारली होती, "थांब, एकटी जाऊ नकोस."

पडद्यावर तिघांचे ठिपके दारातून बाहेर गेले. उरले दोन. ते दाराशी जवळजवळ होते, माणसाच्या पायांमध्ये असतं तेवढंच अंतर. मग त्यांतला एक निघाला. पहिल्या खिडकीशी थांबला. दुसऱ्या खिडकीशी थांबला. असा थांबत थांबत हॉलच्या दुसऱ्या टोकाला गेला. दुसरा ठिपका दाराशी तसाच होता, एकटा.

मी ते पुन्हा पाहिलं. मग खुर्ची मागे ढकलून जिना उतरून खाली, रस्त्यावर, लोकांत जाऊन उभी राहिले. लोक येत-जात होते. प्रत्येकाला दोन पाय होते, माझ्यासकट. मी ते वाकून पाहिले, हेही सांगून टाकते.

६

शहाण्या माणसाने अशा वेळी नवीन मोजमाप घ्यावं. मी नव्या मुलांच्या कपाटातून एक छोटा लेसर मागून घेतला आणि घरी आणला. तोपर्यंत ताईंनी तीनदा विचारलं होतं. सगळ्या नोंदींतून पाचवा माग एकदम पुसायची तयारी झाली होती, फक्त माझ्या होकारासाठी अडलं होतं. संध्याकाळपर्यंत सांगते, असं मी म्हटलं होतं.

"अरे, हा भिडू इथे कसा?" हा लहान मुलासारखा खूश झाला. त्यानेच पाट आणला, त्यावर लेसर ठेवला, वायर ओढली. आम्ही दोघांनी आधी बाहेर व्हरांड्यात उभं राहून रिकाम्या खोलीची नोंद घेतली, म्हणजे टेबलखुर्च्यांचे पाय त्यातून वजा होतात. व्हरांड्यात त्याचा खांदा माझ्या खांद्याला लागत होता आणि ऊब लागत होती. मग आम्ही आत आलो. मी माझ्या खुर्चीत बसले, मांडीवर लॅपटॉपचा पडदा उघडला. हा समोर सोफ्यावर बसला. दिवे अजून लावले नव्हते, उन्हाचा शेवटचा पट्टा जमिनीवर होता, आणि ती गुणगुण सुरू झाली.

काय सांगू, माझे डोळेच भरून आले. इतक्या वर्षांनी तोच आवाज. मी तरुण होते, तो माझ्या डाव्या हाताला होता, कोणी बोलायचं नव्हतं. त्या क्षणी कोणी विचारलं असतं, तर मी सगळं टाकून त्या हॉलमध्ये गोल गोल चालायला गेले असते.

"गंमत सांगू?" हा म्हणाला. त्याचा आवाज गमतीचा नव्हता. "परवा ते शेजारी आले ना, तेव्हा मला खरंच काही आठवत नव्हतं. विसरलो होतो असं नाही. विसरलेल्याची निदान जागा तरी असते. इथे जागाच नव्हती. मी तुला बोललो नाही, पण माझी पाचावर धारण बसली होती."

"होतं असं. वय झालं आपलं."

"तू काहीतरी बघतेयस दोन-तीन दिवस. मला कळतं गं. तू माझ्याकडे मोजल्यासारखं बघतेस." तो पुढे वाकला. हात गुडघ्यांवर होते, अंगठा हलत होता. "सांग ना. त्यात किती माणसं दिसतायत?"

मी पडद्याकडे पाहिलं. काळ्या पडद्यावर दोन ठिपके होते. एक माझ्या खुर्चीशी. एक सोफ्याशी.

त्याच्या चेहऱ्याकडे पाहायला मला थोडा वेळ लागला. त्यावर भीती होती, अगदी साधी, दवाखान्यात नाव पुकारलं जायच्या आधी असते तशी. हा चेहरा मी तापात पाहिला होता, लेक झाली त्या रात्री पाहिला होता, रोज सकाळी दाढीच्या साबणात पाहिला होता. मला हा हवा होता. कसा आला, कुठून आला, कशावर उभा आहे, या कशाचंही उत्तर मला नको होतं.

"दोन माणसं," मी म्हटलं. "तू आणि मी. आणखी कोण असणार?"

"नक्की?"

"डोळे कशासाठी दिलेत मला?"

त्याने इतका मोठा श्वास सोडला की खांदे खाली आले. मग हसला, तोंड पुसलं, आणि उगीचच सोफ्याची उशी नीट केली. तेवढ्यात माझा फोन वाजला. तो माझ्या हाताशीच होता.

"काय मग?" ताई म्हणाल्या. "चार ना? पुसू सगळीकडून?"

"पाच, ताई."

"अगं, पण प्रोग्राम…"

"प्रोग्राम चुकतोय. गर्दीत एकाचे पाय दुसऱ्याला जोडतो, जुनीच गल्लत आहे. मी कच्चे ठिपके तपासलेत. पाच लिहा आणि खाली माझी सही घाला. पुढे कोणी विचारलं तर मला विचारू दे."

"तू म्हणतेस तर पाच," त्या म्हणाल्या. "खरं सांगू? मलाही बरं वाटलं. आपण पाचच होतो."

हा उठून उभा राहिला होता. "चहा टाकतो," तो म्हणाला. "तू बस, मी आणतो." वाटेत त्याने नेहमीसारखी माझ्या डोक्यावर टपली मारली.

सोफ्याजवळचा ठिपका हलला. माझ्या खुर्चीजवळून गेला, स्वयंपाकघराच्या दाराशी वळला आणि भिंतीआड नाहीसा झाला. माझ्या खुर्चीशी जो होता तो तिथेच राहिला, एकच. आतून भांड्याचा आवाज आला, मग नळाचा, मग याच्या त्या बेसूर गुणगुणण्याचा. बाहेर अंधारत होतं. मी लेसर बंद केला, पडदा मिटून मांडीवर ठेवला आणि त्यावर दोन्ही हात ठेवले. खाली पाहिलं नाही.

"आलं घालू का गं?" त्याने आतून विचारलं.

"घाल," मी म्हटलं. "आणि लवकर ये."

चहा घेऊन तो परत येईपर्यंत मी खुर्चीतून उठले नाही. उठता आलं असतं की नाही, ते मी करून पाहिलं नाही.